मोंढ्यातली हळद

हिंगोलीच्या विवाह कार्यालयात
पंखा फिरत होता, वारा येत नव्हता.
महिनाभर आमची नोटीस फलकावर होती,
टाचणी एकच, कोपरे वळलेले.
कुणाची हरकत आली नाही.
माझीच एकदा आली होती, रात्री,
अहेरीच्या खोलीत एकटीपुरती डाळ शिजवताना;
तिला पोच मिळाली नाही.

लग्न वैशाखात ठरलेलं.
बदलीच्या अर्जाची मुदत मात्र एकतीस मार्च,
आणि पती-पत्नी एकत्रीकरणाच्या रकान्यात
तिथी चालत नाही, दाखला लागतो.
म्हणून तीन दिवसांची किरकोळ रजा टाकून
मी लग्न करायला आले.
रजेचं कारण : घरगुती काम.

बाबू नाव वाचून हसला.
"पती, परमेश्वर! अहो, हे तर छापूनच ठेवायला पाहिजे."
परमेश्वरानं कॉलर नीट केली.
हा विनोद त्याला शाळेपासून पुरलाय,
आता अर्धा माझ्या वाट्याला.

साक्षीदार तीन लागतात. आले दोन.
तिसरा सेनगावच्या फाट्यावर पंक्चर काढत बसलेला,
फोनवर नुसतं, "निघालोच बघ."
साडेबाराला साहेबांची बैठक.
परमेश्वर मोंढ्याकडे पळाला
आणि नागोराव हमालांना घेऊन आला,
नव्या हळदीच्या थप्पीवरून तसेच उतरलेले,
भुवयांपासून नखांपर्यंत पिवळे.
आधार कार्ड खिशातच होतं. तेही पिवळं.

"मला काय म्हणावं लागंल?"
काही नाही मामा, पाहिलं एवढंच.
"पाह्यलं की. दोघंबी दिसायलेत."

मग मी ते वाक्य वाचलं,
मी, सत्वशीला, परमेश्वर यांस
कायदेशीर पती म्हणून स्वीकारते.
'कायदेशीर'वर घसा कोरडा पडला.
चौथीला शुद्धलेखन घालते मी,
तरी त्यातली वेलांटी पहिली की दुसरी
या विचारातच सही होऊन गेली.

नागोरावांनी अंगठा उमटवला.
शाई निळी, कडेनं हळद.
बाबूनं फुंकर मारली, उडेना.
त्यानं शिक्का जरा सरकवून मारला.

बाहेर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं.
नागोरावांनी रस नको म्हटला, थप्पी अर्धी राहिली होती.
जाता जाता माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं,
दहाची नोट, वर एक रुपया.
"आहेर नको म्हणू नाही, बाई."

नवरा-बायको म्हणून आम्ही पहिलं काम काय केलं,
तर दोन वेगळ्या गाड्यांत बसलो.
औंढ्याची गाडी सुटली तेव्हा
खिडकीतून परमेश्वर ओरडला,
"दाखला तुझ्याजवळ आहे का माझ्याजवळ?"
अख्ख्या स्टँडाला कळलं.
पत्रिका छापायची गरज नव्हती खरं तर.
मी कळमनुरीपर्यंत मूठ उघडली नाही.

माय ओसरीत ज्वारी निवडत होती.
"झालं का सरकारी?"
"झालं."
"ते कागदाचं. हळद लागल्याबिगर
लग्न कसलं अन् काय."
तिनं तांब्या पुढं केला, मी हात पुढं केला,
आणि तिची नजर अडली.
"हे काय लागलं?"
"मोंढ्यातली. साक्षीदाराच्या हाताची."

तिनं पदराचं टोक ओलं केलं,
पुसायला माझा तळवा धरला.
धरूनच बसली.
शेजारच्या गोठ्यात कुणीतरी म्हशीला हाकारत होतं,
वेळ किती गेला सांगता येणार नाही.
मग पदर झटकून कमरेला खोचला तिनं.
"असू दे," म्हणाली,
"वैशाखापर्यंत काय टिकतंय."
आणि सुपातला खडा
अंगणात फेकला, दूर.