संदर्भसूचीत नसलेली कॅसेट

डॉक्टर रीम फळ्यावर बाण काढतात.
एक वरून खाली, एक खालून वर,
एक आडवा, समुद्र ओलांडणारा.
"प्रवाह," त्या म्हणतात,
"माणसांचे, पैशांचे, प्रतिमांचे."
निळा मार्कर सुकत आलाय,
म्हणून आडवा बाण मध्येच पुसट होतो,
बहुधा मस्कतच्या थोडा पुढे.

सोमवार-बुधवार, संध्याकाळी साडेसहा, शारजा.
दिवसभर मी बंदराजवळच्या ऑफिसात
कंटेनरची बिलं करते:
टायर, फरशा, गोठवलेली कोंबडी,
एकदा तर नुसते हँगर, चाळीस फूट हँगर,
कुणाचे कपडे टांगायला, देव जाणे.
मग रिकामा डबा आणि न वाचलेली दोन प्रकरणं घेऊन
इथल्या एसीत काकडत बसते.

जोसलिन लिहितेय मनिलाच्या मालिकांवर.
मुतासिम खार्तूमच्या एका रेडिओवर,
जो आता त्याला कुठेच लागत नाही.
"आणि तू, मैमुना?"
मी म्हटलं, कॅसेट.
"संगीत?"
नाही. पत्रं. बोललेली.

माझा बाप इथेच राहायचा, रोल्याच्या मागच्या गल्लीत,
एका खोलीत नऊ जण.
रात्रपाळीवाले झोपलेले असत, म्हणून
फ्रीजकडे तोंड करून हळू बोलायचा.
हर्णैचं कुणी सुट्टीवर निघालं
की शर्टपीसच्या घडीत कॅसेट निघायची.
आयला लिहिता येत नव्हतं.
लाल बटण दाबता येत होतं.

संशोधन म्हणून मी सत्तार मुकादमांना भेटले.
चाळीस वर्षं अरबांचे कंदुरे शिवतायत.
संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यांनी
माझ्या बाहीची शिवण उलटी करून बघितली.
मी विचारलं, तेव्हाच्या कॅसेटी ठेवल्यात का?
दातांनी दोरा तोडून म्हणाले,
"ठेवतंय कोण? एकच होती.
तिचं ऐकायचं, मग तिच्यावरच आपलं बोलायचं.
नवी घ्यायला पाच दिरहम पडत, बाय."

प्रत्येक उत्तरानं आधीचा प्रश्न पुसला:
असं मी मसुद्यात लिहिलं.
डॉक्टर रीमनी समासात लिहिलं,
"सुंदर वाक्य. पुरावा?"

पुरावा आमच्याकडे एक होता.
भावानं पाठवला, बुरशीचा वास येणारा.
दुकानदारानं तो फाइल करून दिला, वीस दिरहम.
बेचाळीस मिनिटं बाप बोलतो:
कौलं आताच घाला, रहीमला सांगा
इंजिन सेकंडहँड घेऊ नको,
पैसे खोतांच्या हाती देतोय, मोजून घ्या.
मग खट्.

बाप संपला, टेप उरली होती.
त्याच्या खटच्या पलीकडून
आयचा आवाज आला, अर्ध्या वाक्यात,
त्याच्या आधीच्या फेरीचा, पुसायचा राहिलेला:
"...आनि इथं समदं बरं हाय."
मग भांडं. मग कुणाला तरी,
"बोल गं. बाबा ऐकतंय. बोल ना."
आणि श्वास. लहान, नाकातून.
अकरा सेकंद, मी मोजलेत.
मी तीन वर्षांची, आणि मी काही बोलत नाही.

नियमाप्रमाणे प्रत्येक आवाजाचा तक्ता भरायचा असतो.
वक्ता. वय. ठिकाण. भाषा.
पहिले तीन रकाने भरले.
चौथ्यात कर्सर लुकलुकतोय मंगळवारपासून.
कोरा ठेवला तर गुण कापतील,
काही लिहिलं तर मला ते खोटं वाटेल.

खाली पार्किंगमध्ये जोसलिन हॉर्न वाजवतेय.
तिच्या गाडीचा एसी बिघडलाय,
काचा खाली करूनच जावं लागेल,
आणि वाऱ्यात एकमेकींचं काही ऐकू येणार नाही.