प्रश्न सतरावा

पहाटे सव्वापाचला, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर
रेकॉर्डर ठेवला मी उपड्या घातलेल्या कळशीवर.
माहिती देणाऱ्याचं नाव: शालन दत्तू चौगुले.
गाव: वडणगे. वय: ‘लिव की पन्नास.’
म्हैस आमच्या दोघींकडे बघत होती,
आता तिलाही वय विचारणार की काय, अशी.

एक ते सोळा सुरळीत.
चित्रात मुलगी पाणी भरत आहे. ‘पोरगी पाणी भरालीय.’
चित्रात बाळ रडत आहे. ‘रडालंय. भूक लागलीया त्याला.
आय कुठं गेली ह्याची?’
चित्रात आई नव्हती,
काढणाऱ्याला सुचली नसावी.
मी ‘रडालंय’खाली रेघ मारली.

सतरावा: तुमचा रोजचा दिवस सांगा.
‘मी चारला उठतो. शेण काढतो. वैरण टाकतो.
म्हसरं घेऊन हितं येतो. गिऱ्हाइकाच्या म्होरं धार काढून देतो,
पाण्याची भानगडच न्हाई.’

मी विचारलं
(हे विचारायचं नसतं, सरांनी बजावलं होतं):
मावशी, तुम्ही बाई. मग उठतो कसं म्हणता?
धार थांबली नाही. चरवीत फेस चढत होता.
‘अगं, अंधारात चारला जे उठतंय
त्याला बाई-बापय असतंय व्हय?’

सातवीत वडिलांची बदली झाली,
उत्तरेश्वर पेठेतून पुण्याला आलो.
पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून म्हणाले,
नाही, म्हणालो: ‘बाई, मी वही विसरलो.’
सगळे बाक फुटले हसून.
जोगळेकर बाई तेवढ्या हसल्या नाहीत.
फळ्यावर त्यांनी ‘विसरले’ लिहिलं
आणि वरची मात्रा इतकी दाबून काढली की खडू मोडला.
तो तुकडा मी उचलून घरी आणला.
दार वाजवलं, तर आतून आई, पिठाच्या हातांनी:
‘आलो गं, आलो.’
रोजचंच. पण मला ते त्या दिवशी
पहिल्यांदा ऐकू आलं.

आमच्या विभागात भिंतीवर नकाशा आहे.
‘करालोय’ कुठं संपतं, ‘करतोय’ कुठं लागतं,
लाल पेन्सिलीनं दाखवलंय.
पेन्सिल फार टोकदार आहे.
रेघेच्या अलीकडे ऊस, पलीकडे ऊस,
आणि एसटीचा कंडक्टर त्या रेघेचं तिकीट फाडत नाही.

मध्येच म्हैस पाय झाडायला लागली.
मावशीनं जीभ टाळूला चिकटवून सोडली, एक आवाज,
ओल्या लाकडाची ढलपी निघावी तसा.
म्हैस गप्प. पान्हा परत.
बाराखडीत हा कुठंच नाही.
मी कागदावर फुली मारली, शेजारी लिहिलं:
अर्थ कळला. म्हशीला.

तेवढ्यात मोपेडवर दोन किटल्या अडकवून एक पोरगा,
‘भावा, कळशी जरा सरकव की!’
मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.
सरकवली.

तीन आठवड्यांनी पुण्यात, कानात वायर घालून
उतरवून घेत बसलेय.
अठ्ठावीस मिनिटं बारा सेकंद.
धार. चरवीची कडी. लांब कुठंतरी भोंगा.
मावशी: ‘ये गं, निवायच्या आत दूध पी.’
आणि लगेच एक बाईचा आवाज, जरा दुरून, घाईघाईत:
‘आलो, आलो.’

मावशीचा नाही.
मागं नेऊन पाच वेळा ऐकला.
तक्त्यात रकाने आहेत: नाव, वय, लिंग, गाव.
वय टाकलं, एक्केचाळीस. लिंगही टाकलं.
गावापाशी कर्सर लुकलुकतोय मघापासून.

खालून चहाला हाक मारतायत.
ओ द्यायला हवी.