अपेक्षा : अनुरूप

वसमतला, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत मपलं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन सातबारा,
आणि लग्नाचा बायोडाटा, पन्नास रुपयांत, गणपतीसकट.

नऊ वर्षं टाइप करते आहे.
पाच-एक असेल तर पाच-तीन लिही म्हणतात.
रंग निमगोरा. सगळ्यांचाच निमगोरा.
आणि तळाशी, अपेक्षा : अनुरूप.
हा शब्द आता मला लिहावाही लागत नाही,
अ दाबला की आपणच येऊन बसतो.

लोकांना सारखं लागतं.
जात सारखी, डिग्री सारखी,
एकराला एकर, सरकारी नोकरीला सरकारी नोकरी.
पण फार सारखं झालं की पुन्हा पंचाईत :
नाडी एक निघाली की गुरुजी कागदाची घडी घालतात.
हट्ट्याच्या एक बाई दोन्हीकडचे बायोडाटे
मपल्याकडूनच करून घेऊन गेल्या,
आठ दिवसांत दोन्ही परत.
"देवक एकच निघालं गं. बाकी सगळं जुळलं होतं."
कुठं जुळावं, कुठं जुळू नये,
याचा तक्ता अजून कुणी
माझ्याकडं लॅमिनेशनला आणलेला नाही.

माझा स्वतःचा बायोडाटा डी ड्राइव्हमध्ये आहे.
डाव्या कानाचं त्यात नाही.
तिसरीत फुटला, आईनं लसणाचं तेल घातलं,
नंतर तो गप्पच झाला.
आई म्हणते, दिसत नाही तर लिहायचं कामून?

मार्चात व्यंकटी बोखारे आला,
भुवयांपर्यंत हळद, लग्न ठरायच्या आधीच.
मी सवयीनं मान वळवली, उजवा कान पुढं.
त्यानंही वळवली. उजवा.
काउंटरच्या अल्याड-पल्याड आम्ही दोघं,
भिंतीला कान लावल्यासारखे,
मधी भिंत नसताना.

"हळद पॉलिशच्या ड्रमवर अकरा वर्षं झाली.
डावी बाजू मशीनकडं."
अपेक्षा काय लिहू, मी विचारलं.
तो बोलेना. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा विचारलं.
"ऐकलं की. इचार करायलोय."

पुढच्या आठवड्यात स्टेशन रोडनं चाललो
तेव्हा कळलं हे किती अवघड.
त्याच्या उजवीकडून चालले
तर त्याला मी ऐकू येते, मला तो नाही.
बाजू बदलली तर उलट.
दोन चांगले कान शेजारी येतच नाहीत.
हे सारखेपण कसलं म्हणायचं,
जातीसारखं, का नाडीसारखं?
पंचांगात कानाचा रकाना नाही.

शेवटी त्यानंच तोडगा काढला :
जाताना तुम्ही बोला, येताना मी.
स्टेशनपर्यंत मी बोलत राहिले.
काय काय बोलले कोण जाणे,
मधी कुणी तोडणारं नव्हतं.
येताना तो. हळदीचा भाव, आईचा मोतीबिंदू,
आणि कुरुंद्याची सोयरीक, जी मोडली
कारण पोरीच्या मामानं
डावीकडून हळूच हाक मारून बघितली होती.

त्याचा बायोडाटा अजून छापलेला नाही.
पन्नास रुपये दिलेत, पावती फाडली नाही.
काल अपेक्षेपुढं अ दाबला.
अनुरूप आलं. खोडलं.
लिहिलं : समोर बसून बोलणारी.
मग वाटलं, असं कुणी लिहितं का?
तसंच सेव्ह केलं, मपल्या फाइलीशेजारी.
डावीकडं का उजवीकडं, बघितलं नाही.