पाय आपटायची जागा

मिसेस ग्रिग्जनी भाड्यात सूट दिली नाही,
तळघरातली खोकी मात्र दिली.
"तसाही रात्रभर धडधड लावतोस, लव्हॉन,
ही वाजवून बघ. रॉस्कोची आहेत."

बाहेर डेट्रॉइट गोठलेलं.
भट्टीशेजारी माझी दोन ड्रम-मशीन, वायरींचा गुंता,
पडद्यावर चौकटी, ठोक्यागणिक एक घर.
तिथे कुणी रेंगाळत नाही.
या शिस्तीवर माझा पंधराव्या वर्षापासून जीव.

तुळईला ठोकलेल्या फळीवर रॉस्कोचा जुना प्लेअर.
सुई टेकवली.
आधी नुसतं चरचरणं, तेलात कांदा पडल्यासारखं.
मग झांज, तिला कसली घाई नाही,
आणि बास तिच्या किंचित मागे,
जिन्यावरून कपाट उतरवणारा माणूस
पायरी चाचपतो तसा.
कुणीतरी खोकलं. ग्लासात बर्फ हलला.
सॅक्सोफोनवाल्यानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला,
वाटलं, न विचारता दार उघडलंय मी.

सवय ती सवय. तुकडा उचलला,
चौकटीत बसवायला गेलो.
पहिला ठोका बसला, तिसरा बाहेर सांडला.
त्याला ओढून आत घेतलं तर बास लंगडायला लागला.
खरखर पुसली:
खरखरीबरोबर खोली गेली,
खोकणारा गेला, बर्फ गेला.
सगळं होतं तसं परत ठेवलं.

दुसऱ्या बाजूला, शेवटाकडे, सुई अडकली.
तेच साडेतीन ठोके. पुन्हा तेच. पुन्हा.
हे मात्र माझ्या गावचं!
मान डोलायला लागली,
हात नकळत फिल्टरच्या बटणाकडे गेला.
अख्खं जॅझ माझ्याकडे चालत आलं होतं,
मोडक्या पायानं का होईना.

किती वेळ गेला कोण जाणे.
वरून, स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर,
धप्प.
सुई उडाली. सॅक्सोफोन पुढे निघाला,
अडकल्याचं नावही न काढता.

सकाळी जिन्यात विचारलं.
"तिथे पाय आपटावाच लागतो," त्या म्हणाल्या.
"इंजिनाच्या कारखान्यातून पहाटे यायचा,
खाली खुर्चीतच डोळा लागायचा त्याचा.
मग मी वरून."
आणि कचऱ्याची पिशवी माझ्या हातात दिली.

हल्ली रात्री अडीचला
माझ्या सरळ चालीत
मी एक घर रिकामं ठेवतो.
बहुतेकदा वरून काही येत नाही.
येतं तेव्हा किंचित उशिरा येतं.