पाच ऑगस्ट

ऊर्तादोच्या खोऱ्यात, रात्रीचे नऊ.
निबाल्दो माउंटपुढे गुडघ्यांवर,
तीस वर्षं खाणीत वायरी ओढलेला माणूस;
लाल कागद लावलेला टॉर्च माझ्या हातात.

मोटर दोन अंश फिरते, कुरकुरते, मरते.
पडद्यावर तेच: संपर्क नाही.
बॅटरी? बारा पूर्णांक चार.
फ्यूज? शाबूत.
केबल बदलून झाली, फुंकर मारून झाली,
एका संताला शिवी देऊन झाली.
"उजेड हलवू नकोस, एदुविहिस."
मी नव्हते हलवत. थंडी हलवत होती.

शेवटी सापडलं.
सॉकेटमधली मधली पिन, तांदळाच्या कणीएवढी, सैल.
चाकूच्या टोकानं त्यानं ती जराशी फाकवली
आणि प्लग आत बसला, खट्‌कन.

वीज गेली की हे यंत्र सगळं विसरतं.
कुठे आहात? किती वाजले? तारीख?
निबाल्दोनं आपल्या रीतीनं भरली, आधी दिवस, मग महिना.
यंत्राची रीत उलटी. त्यानं आठ मे वाचली,
आणि डोक्यावरची लालबुंद ज्येष्ठा सोडून
पूर्वेच्या डोंगराकडे वळलं,
काय तो आत्मविश्वास!

मी डोळा लावला.
कंदील. उलटा.
बेलिसारिओचा गोठा उलटा, बेलिसारिओ उलटा,
बाह्या कोपराच्या वर,
शेळीच्या कानाशी काहीबाही बोलत.
ओलं करडू वरच्या दिशेनं
गवतात पडलं.

"तारीख चुकली," निबाल्दो म्हणाला,
बटणांकडे हात नेत.
थांब, म्हटलं.
अजून उभं राहिलं नाहीये.