घेणारे

सेक्रेटरी, तुम्ही पुन्हा तेच विचारताय,
यंदा गोल कोण मारणार.
मी विचारतो, चेंडू घेणार कोण?

आपला सॉलोमन मधून असा पास देतो
की सुईत दोरा ओवावा.
पण सुईच हलली तर?
गेल्या डिसेंबरात, गोल्फ क्लब मैदानावर,
थंडीनं कान लाल झालेले,
देवळाली कॅम्पच्या पोरांविरुद्ध
त्यानं सतरा पास दिले. मी मोजले.
चौदा नडग्यांना लागून बाहेर गेले,
एक भेळवाल्याच्या टोपलीत.
त्यानं तेवढा मात्र नीट घेतला.

देणाऱ्याचं नाव होतं,
मारणाऱ्याचा फोटो येतो पेपरात.
घेणाऱ्याला आपल्याकडे धड शब्द नाही.
लाच घेणारा, उसनं घेणारा, शेजारच्यांचा पेपर घेणारा,
सगळे नजर चुकवणारे.

तुम्ही मुंबईहून कुणाला तरी आणणार म्हणता,
साठ हजार, वर राहायला खोली.
आणा. उंच आहे, पाठीवर माणूस झेलत
छातीवर चेंडू उतरवतो, पाहिलंय मी त्याला.
पण त्याला चेंडू छातीलाच हवा असतो,
तबकात ठेवून आणल्यासारखा.

तसे तीन नकोत मला.
डाव्या रेषेला रेहान असू दे,
काझीगढीच्या उतारावर वाढलेलं पोर.
चेंडू गोदावरीत जायच्या आत गाठायची सवय
त्याला सातव्या वर्षापासून.
पुढे पळतो आणि मागे बघतो, दोन्ही एकाच वेळी,
उधारी थकलेल्या माणसासारखा.

आणि लहानू भोये.
हसू नका.
पेठकडचा आहे, ओझरजवळ द्राक्षांच्या पॅकहाउसात
क्रेट उतरवतो. मेव्हण्याचा माल घेऊन गेलो होतो,
तिथं पाहिला.
टेम्पोवरचा गडी फोनवर बोलत बोलत
क्रेट फेकत होता,
कधी डोक्यावर, कधी गुडघ्याशी, एकदा तर पाठीमागे.
लहानूनं एक मणी सांडू दिला नाही.
त्याचे हात क्रेटवर जात नव्हते, सेक्रेटरी,
क्रेटबरोबर वीतभर मागे येत होते.
बस, एवढंच.
पाय असाच मागे यायला हवा,
चेंडूला कळायलाच नको की प्रवास संपला.

तुम्ही म्हणालात, वेग नाही. नाहीच.
बूट नाहीत. तेही खरं.
बूट मी देतो, नऊ नंबर, विचारून ठेवलाय.

शनिवारी सरावाला आणलं त्याला. तुम्ही चहाला गेला होतात.
सॉलोमन दमलेला, पास गेला वाकडा,
उसळता, कमरेच्या उंचीचा, कुणीही सोडून द्यावा असा.
लहानूनं तो पायावर घेतला
आणि खाली ठेवला.
पुढे काय केलं विचारू नका,
थेट समोरच्याच्या पायात दिला.
ते शिकवता येतं.
आधीचं येत नाही. किंवा येत असेल,
आपल्याकडे कुणी शिकवून पाहिलेलं नाही.

मी स्वतः कधी खेळलो नाही, हे तुम्ही ऐकवणारच,
म्हणून आधीच सांगतो.
सातपूरला प्रेस शॉपमध्ये, बेल्टच्या शेवटच्या टोकाला
बावीस वर्षं पत्रे घेतले.
तीच उंची, तोच वेग, दर नऊ सेकंदांनी एक.
त्याला घेणं म्हणत नाहीत,
हजेरी म्हणतात.

काल रात्री तुमच्याकडूनच गेलो, उशीर झाला.
कुंदानं तिसऱ्या मजल्यावरून किल्ली टाकली,
जरा डावीकडे.
मी दोन्ही हात पुढे केले, सगळं माहीत असून पुढे केले.
बोटांना लागली, उडाली,
गटाराच्या जाळीतून खाली.

वर बराच वेळ काही आवाज नाही.
मग ती म्हणाली,
आता तुमच्या त्या लहानूला बोलवा.