बेसिनचा हिशेब

साहेबांनी फक्त आकडे मागितलेत.
मुलांचा विभाग, सप्टेंबर ते फेब्रुवारी,
उलटीवरचं औषध कोणी लिहिलं, किती, कितीला पडलं.
म्हणून कुताइसीच्या या इस्पितळाच्या तळघरात
हीटरला पाय लावून बसलेय मी
आणि एकेक केसपेपर पोटातलं बाहेर काढतोय.

डॉक्टर बाद्री गोळी लिहितात, जिभेवर विरघळणारी.
डॉक्टर एतेरी इंजेक्शनच लिहितात,
मूल पाणी पिऊन खिदळत असलं तरी.
रात्रपाळीचा नवा पोरगा दोन्ही लिहितो,
आणि वर ते जुनं, पिवळ्या खोक्यातलं,
ज्यानं गेल्या हिवाळ्यात खातुनाची मान वाकडी होऊन बसली
आणि तिच्या आईनं देवाला सोडून मला शिव्या घातल्या.
त्या औषधाची किंमत: चाळीस तेत्री.
वाकड्या मानेची: नोंद नाही.

रात्री दहानंतर आकडे दुप्पट होतात.
मला वाटलं, रात्री मुलं जास्त ओकत असतील.
त्सिसाना म्हणाली, नाही गं,
रात्री आया एकट्या असतात.

आता अँप्यूल.
एकीत चार मिलिग्रॅम.
गेगा अकरा किलोचा, त्याला पावणेदोन पुरतात.
उरलेलं त्सिसाना बेसिनमध्ये सोडते.
नियम आहे. नियम बरोबरच आहे.
सहा महिन्यांची बेरीज केली, पुन्हा केली,
मग उठून खिडकी उघडली.
मुलांच्या अंगात गेलं त्याहून जास्त
बेसिनच्या घशात गेलंय.
आमच्या बेसिनला हिवाळाभर
एकदाही मळमळलेलं नाही.

हे वाक्य अहवालात बसत नाही.
अहवालात मी लिहिलं:
तीन मुलांच्या वेळा जुळवल्या, सिरिंज खालीच भरल्या,
तर एका अँप्यूलमध्ये दोघं तरी भागतील.
त्सिसानानं वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला.
मळमळ काय बस आहे, म्हणाली, वेळेवर यायला?

एकदा तर गोळ्यांचा साठा संपला होता,
गेगाचा बाप मालखाझ बाहेरून घ्यायला निघाला.
मिनीबस चालवतो, बोटांना डिझेलचा वास,
म्हणून पोराच्या खाटेपासून हात लांब धरून उभा राहायचा.
मला विचारलं, स्वस्तातली चांगली की महागातली?
मी म्हटलं, तेच औषध आहे, खोकं वेगळं.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
महागातली घेऊन आला.
रात्री दोन वाजता बापाला
'तेच आहे' ऐकू येत नाही.
या सहा लारी मी कुठल्या रकान्यात मांडू?
त्या आमच्या नव्हेतच.

पहाटे वर गेले होते, पाच तारखेला,
सही राहिली होती म्हणून.
सलाइन संपत आलेलं, तसराळं कोरडं,
कोरडे उमासेही थांबलेले.
गेगा छताकडे बघत म्हणाला, म्चादी.
मक्याची भाकरी, खारट चीजबरोबर.
मालखाझनं खिशातून काढली, रुमालात बांधलेली,
कधीपासून बाळगत होता कोण जाणे,
दगडासारखी झालेली.

नमुन्यात शेवटचा रकाना आहे: परिणाम.
सगळीकडे रिकामा, कोणीच भरत नाही.
गेगापुढे मी लिहिलं: दोन घास.
साहेब खोडतील.
पेन्सिल त्यासाठीच घेतली होती.